तिखट राहतंच, टिकवायचं ते बाकीचं

किलोभर लवंगी मिरची चौघांच्या घरात किती दिवस पुरावी? भाजीला दोन, आमटीला एक, कोशिंबिरीच्या फोडणीत अर्धी. आंबे जास्त आले तर आमरसाच्या वाट्या वाढतात, मेथी स्वस्त झाली तर आठवडाभर मेथी होते. पण मिरच्या जास्त आल्या म्हणून कुणी जास्त मिरच्या खाऊ शकतं का? गच्चीतलं झाड अचानक लगडतं, बाजारात भाव कोसळतो, कुणी गावाहून पिशवी भरून पाठवतं आणि ओट्यावर रास येऊन पडते. मग घाई सुरू होते, कारण मिरचीत ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि पाणी म्हणजे बुरशीला खुलं आमंत्रण.

पण ज्या तिखटामुळे ही रास संपत नाही, त्या तिखटाला मात्र कसलीच घाई नसते. मिरची सुकवा, उकळा, खारवा, गोठवा, तिखट राहतंच! वर्षभर डब्यात पडून रंग उडालेली मिरचीची पूड जिभेवर ठेवून बघा. रंग गेला, वास गेला, आग मात्र जागेवर. असं काय आहे या आगीत?

आधी ती आग कुठे राहते ते पाहू. एक मिरची उभी चिरा. बिया दिसतील आणि त्या ज्याला चिकटल्या आहेत तो मऊ पांढरा गर दिसेल. तिखट बियांत असतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात बिया ते बनवतच नाहीत. सगळा कारखाना त्या पांढऱ्या गरात आहे, बियांना नुसता त्याचा लेप लागतो. म्हणून साध्या मिरचीचा पांढरा गर खरवडून टाकला की ती एकदम सौम्य होते. भूत जोलोकियासारख्या अतितिखट मिरच्या मात्र इथेही चकवतात. त्यांच्या सालीच्या आतल्या बाजूलाही तिखटाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. गर काढला तरी भिंती पेटलेल्याच!

त्या पिशव्यांत जो पदार्थ असतो त्याचं नाव कॅप्सेसिन. त्याला रंग नाही, वास नाही आणि खरं म्हणजे चवही नाही. गोड, आंबट, खारट, कडू ओळखणाऱ्या जिभेवरच्या यंत्रणेला त्याचा पत्ताच लागत नाही. मग आपल्याला कळतं ते काय? वेदना! आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारा एक संवेदक आहे. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो उघडतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन नेमकं याच संवेदकाला जाऊन चिकटतं आणि त्याला साध्या तापमानातच उघडायला लावतं. कुठेही आग लागलेली नसताना कुणीतरी धोक्याची घंटा बडवावी, तसा हा प्रकार. आपलं स्वतःचं ३७ अंशांचं तोंडसुद्धा मग त्या संवेदकाला गरम वाटू लागतं. झणझणीत खाल्ल्यावर घेतलेला चहाचा घोट एवढा चटका का देतो, याचं उत्तर इथे आहे. हा संवेदक अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधला, तोही कॅप्सेसिनच्याच मदतीनं. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा मोठा वाटा आहे. माणसाला उष्णता कशी कळते हे मिरचीनं शिकवलं!

पण झाडानं हा खटाटोप का केला असेल? फळ तर खाल्लं जावं म्हणून असतं. उत्तर असं की ते कुणी खायचं हे मिरचीनं निवडलेलं आहे. पक्ष्यांच्या संवेदकावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. पोपटाला मिरची देतात ती उगाच नाही. पक्षी मिरची गिळतो, बिया अख्ख्या बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. उंदरासारखा सस्तन प्राणी मात्र बिया दातांनी चावून टाकतो. २००१ मध्ये जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी अमेरिकेतल्या रानमिरच्यांवर हेच दाखवून दिलं. नको त्या पाहुण्याला हाकलायचं, हव्या त्याला बोलवायचं आणि दोन्हीसाठी रसायन एकच!

ट्यूक्सबरी पुढे बोलिव्हियात गेले, मिरचीच्या मूळ मुलखात. तिथे एकाच जातीच्या रानमिरचीची काही झाडं तिखट असतात, काही अगदी गोड. रस शोषणारे किडे सालीला भोकं पाडतात आणि त्या भोकांतून फ्युझेरियम नावाची बुरशी शिरून बिया सडवते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की किड्यांचा त्रास जिथे जास्त, तिथे तिखट झाडंही जास्त. कॅप्सेसिन बुरशीला रोखतं. म्हणजे आपण बरणी, मीठ आणि तेल घेऊन जी लढाई लढायला बसतो, ती मिरचीनं आधीच सुरू केलेली आहे. पण तिला फळ टिकवायचं होतं ते पक्षी येईपर्यंत. आपल्याला ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवं असतं.

आणि इथेच साऱ्या साठवणीचं गुपित हाती लागतं. कॅप्सेसिन सहजासहजी उडून जात नाही, पाण्यात जेमतेम विरघळतं, उन्हाला आणि बर्फाला दाद देत नाही. फार वेळ शिजवलं तर थोडंफार कमी होतं, एवढंच. तेव्हा मिरची टिकवणं म्हणजे तिखट टिकवणं नव्हे. ते टिकणारच आहे! आपण धडपडतो ते तिच्या रंगासाठी, वासासाठी, करकरीतपणासाठी. साठवणीची प्रत्येक पद्धत यातलं एक काही वाचवते आणि दुसरं काही सोडून देते. एकदा हे ध्यानात आलं की आजीच्या प्रत्येक बरणीतली युक्ती उलगडू लागते.

सर्वांत जुनी युक्ती ऊन. मिरचीच्या हंगामात नंदुरबारला गेलात तर मोकळ्या पथारींवर पसरलेली लाल मिरची नजर पोचेल तिथवर दिसते. काम एकच चाललेलं असतं, पाणी घालवण्याचं. ते दहा-अकरा टक्क्यांवर आलं की बुरशीला जगायला पुरेसं पाणीच उरत नाही. अर्धवट वाळलेली मिरची मात्र धोक्याची, कारण तिच्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडू शकते आणि ते फोडणीच्या आचेनं जात नाही. म्हणून वाळवणावर अवकाळी पावसाचा शिडकावा झाला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. चांगली वाळलेली मिरची हलवली की आत बिया खुळखुळतात आणि मोडली की कडकन तुटते. घरात यापेक्षा चांगलं मोजमाप नाही.

उन्हात काय गमावतो? जीवनसत्त्व क. ताज्या मिरचीत ते संत्र्यापेक्षाही जास्त असतं. हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळालं ते तिथल्या पाप्रिका मिरचीतून, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वाळवणात यातलं बरंच निघून जातं. रंगही हळूहळू जातो. मिरचीचा लाल रंग प्रामुख्यानं कॅप्सँथिन या द्रव्याचा, गाजराच्या केशरी रंगद्रव्याच्या नात्यातला. उजेड आणि हवा हे त्याचे शत्रू. पूड केली की प्रत्येक कणाला हवा लागते, म्हणून अख्खी मिरची पुडीपेक्षा जास्त काळ लाल राहते. वर्षाचं तिखट डंकावरून आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत दाबून भरायचं, खडा हिंग ठेवायचा, बरणी अंधाऱ्या फडताळात सारायची. हवा कमी, उजेड नाही, किड्यांनाही मज्जाव!

रंग आणि तिखट ही दोन वेगळी रसायनं आहेत, हे आपल्या घरांना विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. नाही तर मसाल्यात ‘रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी’ असा हिशेब कुणी केला असता का? सुरकुतलेली ब्याडगी गडद लाल, पण सौम्य. घरात तिखट मिरचीची रास पडली असेल तर ती वाळवून ब्याडगीच्या पुडीत थोडी थोडी मिसळणं हा ती संपवण्याचा उत्तम मार्ग आहे. एकीचा रंग, दुसरीची आग!

पण हिरव्या मिरचीचा करकरीतपणा हवा असेल तर? तिथे मीठ कामाला येतं. मिरच्यांना चीर द्या आणि त्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. बहुतेक सडवणाऱ्या जिवाणूंना एवढं मीठ सोसत नाही. काही जिवाणूंना मात्र ते चालतं आणि ते नेमके आपल्या कामाचे असतात. दही लावणाऱ्यांच्याच कुळातले हे जिवाणू मिरचीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. दोन-चार दिवसांत बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं, वास आंबूस होतो. आम्ल वाढत जातं आणि सडवणाऱ्यांना बरणीत जागाच उरत नाही. बाहेरून काहीही आंबट न घालता आंबट झालेली मिरची!

याच तत्त्वावर अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात एक आख्खा उद्योग उभा आहे. एव्हरी आयलंडवर एडमंड मॅकिलहेनी यांनी १८६८ मध्ये टबॅस्को सॉसचा धंदा सुरू केला. लाल मिरच्या वाटायच्या, मीठ मिसळायचं, ओकच्या पिंपांत भरायचं, झाकणावर मिठाचा थर द्यायचा आणि तीन वर्षांपर्यंत थांबायचं. ते बेटही मिठाच्या एका प्रचंड घुमटावर उभं आहे!

आणखी एक जादू बघा. हिरवीगार मिरची आंबट खारात पडली की काही दिवसांत शेवाळी होते. आपल्याला वाटतं, खराब झाली. नाही! हिरव्या रंगाच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्ल तो अणू बाहेर काढतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. रंग बदलला याचा अर्थ आंबटपणा मिरचीत आतवर पोचला.

मिरचीच्या लोणच्यात आपण त्यापुढे जातो. लिंबू पिळून आम्ल थेट घालतो आणि वर मोहरी फेसून. मोहरीच्या अख्ख्या दाण्यात झणका नसतो. तो बनवणारी दोन द्रव्यं दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. दाणा फुटून पाणी मिळालं की ती एकत्र येतात आणि फेसता फेसता झणका तयार होतो. लिंबू आधीच घातलं तर आम्लानं ही क्रिया मंदावते. म्हणून मोहरी आधी पाण्यात फेसायची, नाकात चढली की मगच लिंबू. ज्या बायकांनी हा क्रम ठरवला त्यांनी वितंचक (एन्झाइम) हा शब्द कधी ऐकलाही नसेल. मोहरीचा झणका जिवाणूंना रोखतो, आणि खाताना दोन वेगवेगळ्या आगींची भेट होते. मोहरीची हवेत उडणारी, म्हणून नाकात जाते. मिरचीची उडत नाही, म्हणून जिभेवर ठाण मांडते.

गोव्यानं तिसरी वाट धरली. मिरची मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांबरोबर ती पाचशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी इथे तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आलं करत. पोर्तुगिजांच्या स्वयंपाकघरात मांस आंबट दारूत आणि लसणात मुरवण्याची रीत होती. गोव्यात त्या दारूची जागा माडीच्या व्हिनेगरनं घेतली आणि त्यात लाल मिरची वाटली गेली. रेशाद मसाला तयार! व्हिनेगरच्या आम्लात वाटलेली मिरची महिनोन् महिने टिकते आणि तिचा लालपणाही बराच राहतो.

माझ्या मते या सगळ्यांत हुशार पदार्थ म्हणजे सांडगी मिरची. मिरचीला उभी चीर द्यायची, धने-मेथी-हिंग-मिठाची पूड दह्यात कालवून भरायची आणि उन्हात वाळवायची. काही घरांत मिरच्या खारट ताकात भिजवतात, दिवसा ऊन आणि रात्री पुन्हा ताक, असं सगळं ताक जिरेपर्यंत. या एका पदार्थात किती युक्त्या आहेत मोजा. मीठ पाणी ओढतं, ताक आम्ल देतं, ऊन उरलेलं पाणी नेतं. वर दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. तोंड पोळल्यावर पाण्यानं काही होत नाही आणि दुधानं, ताकानं बरं वाटतं, ते याच केसीनमुळे. शेवटी ही मिरची तेलात पडली की दह्यातली साखर आणि प्रथिनं आचेवर एकमेकांना भिडतात आणि तो खमंग काळसर रंग येतो. मग सोबत दहीभात हवाच, म्हणजे पुन्हा केसीन!

तेलाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, पण तेलात छान विरघळतं. लाल रंगही तेलातच विरघळतो. आता मिसळीच्या तर्रीकडे बघा. रंग आणि आग दोन्ही रश्शातून निघून तेलात गेलेत, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतंय. डोळ्यांना दिसणारं रसायनशास्त्र! ‘तर्री कमी’ सांगणारा माणूस नेमकं कॅप्सेसिन बाजूला काढायला सांगत असतो.

पण तेल हवा अडवतं, जंतू मारत नाही. मातीतून येणारा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू हवा नसेल तिथेच वाढतो आणि जीवघेणं विष बनवतो. त्याला आंबट चालत नाही. सामू ४.६ च्या खाली असेल तर तो वाढू शकत नाही. मिरची आणि लसूण दोन्ही त्या मानानं कमी आम्लाचे. म्हणून मिरची-लसणाचा ठेचा तेलात बुडवून ओट्यावर आठवडेच्या आठवडे ठेवू नये. ठेचा फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवा तर छोट्या डब्यांत घालून गोठवा. गोठवताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून फ्रीजरमधून काढलेली मिरची लिबलिबीत होते. पण फोडणीत कुठे करकरीतपणा लागतो? वास आणि तिखट तर तसंच असतं.

आता अतितिखटाकडे. तिखट मोजायचं कसं? १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञानं एक साधा उपाय काढला. मिरचीचा अर्क अल्कोहोलमध्ये काढायचा, तो साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्या पाचांपैकी बहुतेकांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. किती पट पातळ करावं लागलं तो आकडा म्हणजे स्कोव्हिल. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा १ कोटी ६० लाख. आपल्या ईशान्येची भूत जोलोकिया २००७ मध्ये १० लाखांच्या वर जाऊन जगात पहिली आली. २०२३ मध्ये ‘पेपर एक्स’ या अमेरिकी मिरचीनं सुमारे २७ लाख गाठले.

या मोजणीतच अतितिखट मिरची संपवण्याचा मार्ग लपलेला आहे. ती खायची नसते, पातळ करायची असते! एका मोठ्या बरणीभर लोणच्यात एक, किंवा व्हिनेगरच्या बाटलीत एक चिरून. अशी मिरची चिरताना हातमोजे घाला. नाही घातले आणि हात भगभगू लागले तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. तेल कॅप्सेसिन सोडवतं, साबण तेल नेतो. नुसतं पाणी ते इकडून तिकडे पसरवतं.

तेव्हा रास समोर आली की स्वतःला विचारायचं, यातलं मला काय राखायचंय? लाल रंग हवा तर ऊन आणि अंधारी बरणी. करकरीतपणा हवा तर मीठ आणि आंबट. ताजा वास हवा तर फ्रीजर. नुसती आग हवी तर काहीही चालेल.

आणि एवढं करूनही उरली तर शेतकऱ्याकडे बघा. मिरची-लसणाचा अर्क करून तो किडींवर फवारतो. आसाममध्ये तर भूत जोलोकियाचा लेप दिलेले दोर शेताभोवती बांधून रानहत्तींना अडवण्याचे प्रयोग झाले आहेत. हत्तीही सस्तन प्राणीच, त्याच्याही सोंडेत तोच संवेदक. मिरचीच्या रानटी पूर्वजांनी हे रसायन घडवलं ते सस्तन प्राण्यांना आपल्या फळापासून दूर ठेवायला. आपण ते चवीसाठी उचललं, पण त्या दोरावर ते पुन्हा आपल्या मूळ कामाला लागलेलं असतं.